कोरी जाळी

‘इस्माईल मिस्त्रींचे हळद पॉलिश करणारे यंत्र हा जिल्ह्याचा सर्वांत यशस्वी प्रायोगिक प्रकल्प आहे,’ असे वाशीमच्या प्रदर्शनातील फलक छातीठोकपणे सांगत होता. शासकीय निधीतून वर्षभर चाचण्या झाल्याचेही नमूद होते. दिवंगत पतीने घडवलेल्या जाळीदार ड्रमवरून जमीलाने बोटे फिरवली. हळद एकदा फिरली की जाळीच्या सांध्यांतली पिवळी पूड जन्मात निघत नाही. ही जाळी मात्र कोरी होती. यशाला यंत्र फिरण्याची गरजच पडली नव्हती. प्रकल्प अधिकारी हरीओम जवळ आला. “मरेस्तोवर मले पुसत होते ते, यंत्र चाललं का म्हून,” जमीला म्हणाली. “मी सांगलं, साहेब लोक चालवून राह्यले. मले खोटं काहून पाडलं, बाबू?” हरीओमने मान खाली घातली. “चाची, प्रयोग फसला असता तं पुढचा निधी गेला असता, म्हून आमी तो केलाच नाही.”