लांबून

"कोणी आणले हे जंतू?" कलावतीनं डॉक्टरांना विचारलं, पण डोळे रोखले ते दवाखान्यातल्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या लेकीवर.

भावना हिंदी मुलखातल्या अभनपूरच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोराटोरांत वावरणारी ही पोट्टी म्हणजे जंतूंचं गाठोडंच, असं कलावतीनं मनाशी पक्कं केलं होतं. तिच्या नवऱ्याच्या, गुलाबरावांच्या, पोटातल्या कॅन्सरच्या गाठीला किरणं द्यायला सुरुवात झाली, तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाल्या होत्या, की हात धुऊन जवळ जा. कलावतीनं त्याचं 'जवळच जाऊ नका' करून टाकलं. घरी लेकीला उंबऱ्याबाहेर बसवलं, पाणीही वरून ओतून दिलं.

गुलाबराव चिडले होते. "माह्या आज्याले लोक असंच वरून पाणी देत होते. अन् तू आता आपल्याच घरात तेच करून राहिली?"

कलावतीनं कानाडोळा केला. आधी माणूस तर वाचू दे, रुसवेफुगवे मागून काढता येतील. हळूहळू गुलाबरावांनीही त्यावर बोलणं सोडलं.

आणि एवढं सगळं करून आज त्यांचं अंग तापानं भाजत होतं. रक्तात जंतू सापडले होते.

"कुणीच आणले नाहीत, काकू," डॉक्टर यामिनी म्हणाल्या. "हे जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात. तिथे असतात तोवर काही करत नाहीत. किरणांनी गाठ जाळली, पण आतड्याचं अस्तरही सोलवटलं. तिथून ते रक्तात उतरले आणि अंगभर पसरले."

"म्हंजे यायच्याच पोटातले?"

"हो."

कलावतीनं पलंगाची कड धरली. "मंग मारा नं त्यायले. दवाई बदलवा. काही तं करा, बाई."

"बदललंय औषध. पण बीपी टिकत नाहीये."

कलावती गुलाबरावांच्या सुकलेल्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "पोट्टीनं हात लावला तं चालते काय?"

डॉक्टरांनी नजर खाली वळवली. "आता लावू द्या."

त्या 'आता'नं कलावतीच्या काळजात चर्र झालं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

"ये वो भावना. ये इकडं."

भावना दारातून हलेना. "आई, पहले हाथ धो लूँ."

"राहू दे ते धुणं."

कलावती स्वतः गेली, लेकीचं मनगट धरून तिला ओढत पलंगाशी आणलं आणि तिचा हात गुलाबरावांच्या तळहातावर ठेवला.

गुलाबरावांनी डोळे उघडले. लेकीला ओळखलं. चेहऱ्यावर एकदम हसू आलं. मग उरलासुरला जोर लावून त्यांनी आपला हात चादरीखाली ओढून घेतला.

"दूर राह, बेटा," ते पुटपुटले. "तुही माय पाहून राहिली."