शंभर डाव

नवऱ्याला जाऊन महिना झाला, तरी ती रोज दुपारी टेबलावर पोकरचे पत्ते मांडायची. आपल्यापुढे एक्क्यांची जोडी, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे राजांची. मग उरलेली पानं पिसून मधे पाच उलटायची आणि ती पाच धरून ज्याचा हात वरचढ ठरेल त्याच्यापुढे शिवणाच्या डब्यातलं एक बटण ठेवायची.

खेळ त्यांनीच शिकवला होता. हातात एक्के असून ती हरली, की म्हणायचे, “तोंड पाडू नकोस. असे शंभर डाव खेळलीस, तर ऐंशी तुझेच. निर्णय बरोबर होता, पानं फितूर निघाली.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, “ऑपरेशन केलं तर शंभरातले ऐंशी वाचतात, नाही केलं तर निम्मेच.” तिने पापणीही न लववता सही केली होती.

आज शंभरावा डाव संपला. लेकीने बटणं मोजली. “आई, एक्क्याऐंशी तुझी! बाबांचं गणित चुकलं नव्हतं. तुझंही नाही गं.”

आईने रिकाम्या खुर्चीपुढची एकोणीस बटणं जवळ ओढली आणि एकेक उचलून निरखू लागली.

“यातलं तुझ्या बाबांचं कुठलं?”