अकरा पत्रं

"मुनव्वर, बाईकडे कागद हाय, आपल्या मराठीतला. वाचून सांग तिला," एवढं बोलून वॉर्डबॉय सिराजनं काढता पाय घेतला. आखातातल्या अहमदीत, तेल कंपनीच्या त्या कचेरीत जेवणाची सुट्टी होती आणि मुनव्वरच्या टेबलापुढे हेलेना उभी होती.

हेलेना पोलंडची, इस्पितळात एक्स-रे काढायची. आपल्या हरवलेल्या बहिणीसाठी युरोपातल्या शोध-कचेरीला ती दर वर्षी अर्ज करी आणि तो टाइप करी मुनव्वर. तीन वर्षांत तीन अर्ज झाले. तिची सगळी कहाणी त्याला रकान्यांतूनच पाठ झाली होती. महायुद्धात सैनिकांनी घर रिकामं केलं, माणसं मालगाडीत कोंबली, सैबेरियात लाकडं तोडायला लावली. वडील तिथंच गेले. सुटका झाल्यावर आई धाकट्या झोशाला घेऊन कोल्हापूरजवळच्या छावणीत पोचली. तापानं फणफणलेली हेलेना इराणात मागं राहिली आणि पुढं आफ्रिकेतल्या छावणीत गेली. सत्तेचाळीस साली आई वारली. झोशाचं काय झालं, ते कुणालाच सांगता येईना. तिन्ही अर्जांना उत्तर एकच: नोंद सापडत नाही.

मशीनवर चौथा फॉर्म चढवलेला होता.

"आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात हा एवढाच कागद होता," हेलेना म्हणाली. इंग्रजी टाइप करणारा हा माणूस तो वाचू शकेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "झोशाला ज्यांनी ठेवून घेतलं, त्यांचा पत्ता असेल. हो ना?"

मुनव्वर खेडच्या मराठी शाळेत सातवी झालेला. कागद हातात येताच त्याला उगीचच बरं वाटलं. दहा वर्षांत परक्या माणसाच्या हातचं मराठी अक्षर त्यानं पाहिलं नव्हतं. मग त्यानं वाचलं.

*नारायण बापू सुतार, कोल्हापूर. पोलंड क्यांप. मुलगी झोशा, हिजकरिता देवदारी पेटी एक, लांबी साडेतीन फूट. वर क्रूस बसवून दिला. पेटी क्यांपात पोच केली. ता. ९ मार्च १९४४.*

शवपेटीची पावती होती ती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. धोब्याची यादी आहे म्हटलं असतं, तरी या अख्ख्या अहमदीत त्याला खोटं पाडणारं कोण होतं? बाई फॉर्म भरत राहिली असती, तो टाइप करत राहिला असता, आणि आशेवर माणूस जगतो म्हणतात, तसं तिचंही आयुष्य निघून गेलं असतं.

"झोशाची शेवटची खबर कधीची, मॅडम?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच तर लिहिता दर वेळी. डिसेंबर शेहेचाळीस. आईचं पत्र." तिनं पर्समधून पत्रांचा गठ्ठा काढला. "प्रत्येक पत्रात झोशा आहे. शाळेत जाते, आंबे खाते, इराणात कापलेले केस वाढून आता वेण्या घालते, माझी आठवण काढते."

मुनव्वरनं चिठ्ठीवरच्या तारखेकडे पुन्हा पाहिलं. चुकीची असावी, असं त्याला मनापासून वाटलं. आकडे स्पष्ट होते.

"मॅडम, बसा," तो म्हणाला. आणि मग त्यानं एक शब्दही न गाळता ती चिठ्ठी तिला इंग्रजीत सांगितली. 'पेटी'ला त्यानं 'बॉक्स' म्हटलं नाही, 'कॉफिन'च म्हटलं.

हेलेना रडली नाही. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं टेबलावर पत्रं तारखेप्रमाणे लावली, अगदी सावकाश, एक्स-रेच्या काचा लावतात तशी. मग ती चिठ्ठी तिनं त्यांच्यामध्ये ठेवली. चिठ्ठीच्या आधी दोन पत्रं होती. नंतर अकरा.

त्या अकरा पत्रांतही झोशा शाळेत जात होती, आंबे खात होती. पंखा फिरत होता, आणि कागद उडू नयेत म्हणून मुनव्वर दोन्ही हातांनी त्यांच्या कडा धरून बसला होता. त्याला तिच्या आईचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली.

"साडेतीन फूट," ती शेवटी म्हणाली. "त्या सुताराला कसं कळलं?"

"माप घ्यायला आला असेल."

"म्हणजे त्यानं तिला पाहिलं."

मुनव्वरनं होकारार्थी मान हलवली.

हेलेना उठली. मशीनची कळ दाबून तिनं तो चौथा फॉर्म ओढून काढला आणि घडी न घालता बाजूला ठेवला. "त्याला पत्र लिहा. तुमच्या भाषेत. म्हातारा झाला असेल, पण असेल."

मुनव्वरनं कोरा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं, सुताराचं नाव आणि गाव लिहिलं. पुढं हात चालेना.

"काय विचारू?"

"विचारा," ती म्हणाली, "तिचे केस कापलेले होते, की वेण्या होत्या?"