तुम्ही म्हणता ते बराबर

"तूच तर लिहिलं व्हतंस, तुम्ही म्हणता ते बराबर," आई फोनवर म्हणाली. "अण्णांनी मला मोबाइलवर दाखवलं. आता डॉक्टर म्हणून राह्यले, येळ गेली. ऑपरेशन तव्हाच करायला पाह्यजे व्हतं."

"कसलं ऑपरेशन?" हा प्रश्न अवधूतच्या ओठांवर आला आणि त्यानं तो गिळला. "येतो मी," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ एका बियाणे कंपनीत तो मेल सर्व्हर सांभाळायचा. त्यानं कॉम्प्युटरवर 'अण्णा' नावाचं फोल्डर उघडलं. कितीतरी महिन्यांनी उघडत होता. तीन महिन्यांपूर्वीची मेल सापडली.

'चि. अवधूत, घशात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढून टाकू, म्हणजे वाचाल. मी म्हणतो, नको. तुझं काय मत?'

खाली त्याच मिनिटाला गेलेलं उत्तर होतं. 'अण्णा, तुम्ही म्हणता ते बराबर आहे. मी मजेत आहे. तब्येतीला जपा.'

हे उत्तर अवधूतनं लिहिलंच नव्हतं. त्यानं बनवलेल्या छोट्या प्रोग्रामनं, स्क्रिप्टनं, पाठवलं होतं.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील जगन्नाथराव, टेंभुर्णीच्या पोस्टात पोस्टमास्तर होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे. अर्ध्या गावाची लग्नं आणि मयती त्यांच्या आवाजात घरोघर पोचल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाकडून मेल शिकून घेतली. पहिल्याच दिवशी विचारलं, "याच्यावर शिक्का कुठं दिसतो?" अवधूत हसला होता. पाकीट फोडायच्या आधी शिक्का बघायची सवय जाते थोडीच! मेलच्या आत लपलेल्या ओळी असतात, हेडर म्हणतात त्यांना, मेल कुठून आली, कशी आली ते त्यात असतं, असं सांगून त्या कशा उघडायच्या ते त्यानं दाखवलं होतं.

मग रोज मेल येऊ लागली. कुणाची म्हैस व्याली, कुठल्या गल्लीत नळ आला नाही. अवधूतनं थोडे दिवस उत्तरं दिली, नंतर कंटाळला. पोरांना आईबापाला उत्तर द्यायला वेळ नसतो, उत्तर देणारं यंत्र बनवायला मात्र असतो. त्यानं एका दुपारी स्क्रिप्ट लिहिली. अण्णांची मेल आली की ती फोल्डरमध्ये जायची आणि ते ठरलेलं उत्तर निघायचं. हेडरमध्ये स्वतःची एक जादा ओळ घालायलाही तो विसरला नाही. 'आपोआप: हो'. दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसू नयेत म्हणून ऑफिसात तशी रीतच होती.

यंत्रांची एवढी काळजी घेतली, आणि बाप राहिला. मोटरसायकलवर टेंभुर्णीपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपण बापाला मारलं, आणि तेसुद्धा न वाचता. त्याला स्वतःची किळस आली.

दारात आई उभी होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"मी त्यांला साफ म्हणलं व्हतं," ती म्हणाली, "अवधूतला इचारल्याबिगर मी ऐकायची न्हाई. फोन लावीत व्हते, तर म्हणले, फोनवर पोरगं घाबरल, मी बराबर लिहितो. मंग तुझं उत्तर आलं. तू शिकलेला, तू इचार करूनच लिहिलं असशील, म्हणून मी गप बसले."

आईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अर्धे झाले होते. आवाज फुटत नव्हता, नुसती कुजबुज होती.

"उमा, पोराला चहा टाक."

आई आत गेली. अवधूत खाली जमिनीवरच बसला. त्यानं अण्णांचे पाय धरले.

"अण्णा, ते मी लिहिलं नव्हतं. तुमच्या मेल मी वाचतच नव्हतो. मशीन उत्तर द्यायचं. तुम्ही काहीही लिहा, तेच उत्तर जायचं." त्याला रडू आवरेना. "मला कळलं असतं तर मी तसाच धावत आलो असतो. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं तुम्हाला."

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग उशीखालून मोबाइल काढला, बोटानं दोनदा दाबलं आणि त्याच्यापुढे धरला. बारीक इंग्रजी ओळींच्या गर्दीत अवधूतची ती ओळ होती. 'आपोआप: हो'.

"पहिल्याच महिन्यात दिसलं मला," अण्णा म्हणाले. "म्हैस व्याली तरी बराबर, म्हैस मेली तरी बराबर. मंग शिक्का बघितला."

अवधूतनं मोबाइलवरून मान वर केली. "मग तुम्हाला माहीत होतं, तर मला फोन का नाही केला? एवढी मोठी गोष्ट मेलवर का विचारली?"

अण्णांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कपबशा वाजत होत्या. त्यांनी मुलाला खूण करून जवळ ओढलं.

"मुकं व्हऊन जगायचं नव्हतं मला. तुझी आई पोराच्या 'हो'शिवाय सोडीत नव्हती, अन् तुला इचारलं असतं तर तू उचलून नेलं असतं. म्हणून तुझ्या त्या मशीनला इचारलं. ते बिचारं कशालाच न्हाई म्हणत न्हाई."