तिसरी खुर्ची

सुवाल्कीहून कौनासला जायचं, म्हणजे देशाच्या सीमेपाशी गाडी बदलायची. उद्या माझ्या नणंदेचं, आल्दोनाचं ऑपरेशन. चाळीस वर्षं भांडलो आम्ही, पण ऑपरेशनआधी तिचं तोंड मला बघायचंच होतं.

सुनेनं, दोरोतानं, मोबाईलवर सगळं जुळवलं. "आई, सहाला पोचतो. दवाखान्यात सातपर्यंत भेटू देतात."

निघण्याआधी जाणाऱ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, ही आमची रीत. जाणारे जितके, खुर्च्या तितक्याच. मी दोन मांडल्या. स्टेशनवर दोन तास आधी जायची माझी सवय, म्हणून दोरोता कुरकुरतच बसली.

मी उठायला गेले, तर भिंतीकडची रिकामी खुर्ची करकरली. जरा थांबून पुन्हा करकरली. माझा नवरा विटोल्ड असाच बसायचा, मग दुखरा पाय लांब करायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

एक बसलेला असताना दुसऱ्यानं उठायचं नसतं. आम्ही बसून राहिलो. कुठं बघावं ते कळेना, म्हणून दोरोतानं पुन्हा मोबाईल काढला.

"अहो आई, सहा आपल्याकडचे! तिकडचं घड्याळ तासभर पुढे. तिथे सात वाजलेले असतील!"

"आणि म्हणे शिकलेली सून," मी म्हणाले.

आधीची गाडी पाऊण तासात होती. जागा मिळाल्या.

"उपकार झाले रे विटोल्ड," मी अगदी मनापासून म्हणाले. "तुझ्या बहिणीला तुझी आठवण सांगते. तू बस आता निवांत."

खुर्ची कुणी उठल्यासारखी करकरली, आणि आम्ही बॅगांना हात लावायच्या आत दाराची कडी सरकली.