खोडाचा कान

तान्ही लेक पुरली त्या जागी लावलेल्या आंब्याच्या खोडावरून हेमांगीने यंत्राचा कान उपटला आणि पदराआड लपवला. खोडात किडा कुरतडू लागला की तो कान बोंब ठोकायचा, आणि असं झाड त्याच दिवशी मुळासकट खणून जाळायचं, असा कायदा होता.

गावाचा झाडतपासनीस भिकाजी कुदळ घेऊन आला. "वहिनी, कान कुठाय?"

"माकडाने नेला."

"माकडाला काय ऐकायचंय?" म्हणत त्याने स्वतःचाच कान खोडाला लावला. मग हळूच म्हणाला, "भिरूड आहे आत. हा ठेवला तर गावातले उरलेले अकरा आंबेही जातील."

"जाळा, भावजी," हेमांगी म्हणाली. "पण खणू नका. खाली निजलीय ती."

भिकाजीने कुदळ बांधाला टेकवली आणि पायातल्या चपला काढल्या.