नववा फोन

"नापास! डोळे मिटून नापास!" लुशस गरजला.

"आधी माझी मान सांभाळ," सलूनच्या खुर्चीतला क्लीव्हस म्हणाला. त्याचा अर्धा गाल साबणाने माखलेला होता आणि लुशसच्या हातातला वस्तरा हवेत नाचत होता. टीव्हीवर ओमाहाच्या संघाने सहाव्या फेरीत आणखी एक धिप्पाड गडी उचलला होता. "बचावाला वजन हवं असेल त्यांना."

"वजन हवं तर बैल घ्या म्हणावं! गेल्या वर्षी असलाच ढोल्या घेतला. पहिल्याच सामन्यात चार वेळा तोंडावर आपटला तो."

लुशसने आरशावर साबणाने 'ओमाहा' लिहिलं आणि पुढे भलामोठा 'एफ' काढला. नव्या खेळाडूंच्या निवडीचा शनिवार आला की तीस वर्षं तो असाच सगळ्या संघांचे पेपर तपासत असे. बेल ग्लेड गावात ऊस आणि टकरांचा अमेरिकन फुटबॉल ही दोनच पिकं, आणि दोन्हीतलं लुशसला सगळं कळायचं. निदान त्याचं तरी तसं मत होतं.

यंदा मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. शेवटच्या खुर्चीत जरेल आडवा पडला होता, तोंडावर ओला टॉवेल घेऊन. या पोराचं जावळ लुशसने काढलं होतं. आता तो कॉलेजातला नावाजलेला खेळाडू होता, आणि कुठल्या तरी संघाने फोन करून त्याला निवडलं तर त्याच्या आईची साखर कारखान्यातली पाळी कायमची सुटणार होती. सहा फेऱ्या संपत आल्या होत्या. फोन आला नव्हता.

म्हणजे फोन खूप आले होते. गुरुवारी कुणीतरी जरेलचा नंबर बाहेर फोडला होता. तेव्हापासून टवाळ पोरं कोचचा आवाज काढून फोन करायची, "अभिनंदन, तुला घेतलं!" म्हणायची आणि खिदळत ठेवून द्यायची. असे आठ फोन झाल्यावर लुशसने मोबाइल काढून घेतला. "तू गप पड. इथून पुढे मी बघतो एकेकाला."

 जरेल फक्त खुर्चीवरचा दिवा बंद करा म्हणाला. सकाळी तर त्याने क्लीव्हसलाच 'लुशसकाका' अशी हाक मारली होती, आणि दोघं म्हातारे पोट धरून हसले होते. दोन रात्री झोप नाही पोराला, दुसरं काय!

सातवी, शेवटची फेरी सुरू झाली आणि फोन वाजला. लुशसची बोटं साबणाने बरबटली होती. त्याने कोपरानेच स्पीकर लावला.

"जरेल आहे का? मी ओमाहाहून कोच हॅलोरन बोलतोय. काय बाळा, तयार आहेस ना?"

"बाळा? तुझ्या आजोबाला म्हण बाळ!" लुशस भडकला. "ओमाहाचा ना तू? मग ऐक. बैलबाजारातून माणसं उचलता तुम्ही! हिऱ्यासारखं पोर ओळखायला डोळे लागतात, ते तुमच्या बापजन्मात नव्हते. आमच्या पोराला तुमची गरज नाही! पुन्हा फोन केलास तर वस्तरा घेऊन येईन!"

त्याने फोन बंद केला. क्लीव्हस एवढा हसला की फेस आरशापर्यंत उडाला.

"नववा," लुशस ऐटीत म्हणाला, आणि टीव्हीकडे वळला.

पडद्यावर ओमाहाच्या संघाची खोली दाखवत होते. एक पिकल्या केसांचा माणूस फोन कानाला लावून हसत काहीतरी बोलत होता. मग त्याचं हसू मावळलं. पलीकडून कुणी ओरडत असावं तसा त्याने फोन कानापासून लांब धरला. फोनकडे पाहिलं. शेजाऱ्याकडे बघून मान हलवली.

टीव्हीवरचं सगळं अर्धा मिनिट उशिरा दिसतं, हे लुशसला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या हातातून वस्तरा बेसिनमध्ये पडला.

ओमाहाने नाव जाहीर केलं. आयडाहोचा कुणी पोरगा होता.

"लुशस," क्लीव्हस हलकेच म्हणाला, "खराच होता रे तो."

लुशसने तोच नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.  पाय ओढत तो शेवटच्या खुर्चीपाशी गेला आणि तिच्या दांड्याला धरून खाली बसला.

"जरेल... पोरा, मी तुझं वाटोळं केलं रे."

जरेलने टॉवेल बाजूला केला. त्याचे डोळे लाल होते, पण झोपेतून उठल्यासारखे मुळीच नव्हते.

"मी जागाच होतो, काका. पहिल्या शब्दालाच कोचना ओळखलं. फेब्रुवारीत घरी येऊन आईच्या हातचे मासे खाऊन गेलेत ते."

"मग उठला का नाहीस? निदान हाक तरी मारायचीस!"

टीव्हीचा उजेड चुकवायला जरेलने डोळ्यांवर आडवा हात धरला. "नोव्हेंबरच्या सामन्यात डोक्याला मार बसला, तेव्हापासून डोकं फुटतंय. उजेड सोसत नाही. समोरच्या माणसाचं नाव आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आता एक जरी टक्कर डोक्याला बसली तरी स्वतःच्या आईलाही ओळखणार नाहीस. कुणाला सांगितलं नाही मी. अख्खं गाव फोनची वाट बघत होतं." त्याने टॉवेलची घडी केली. "मला 'नाही' म्हणायचा धीर होईना, काका. बरं झालं, ते तुम्ही म्हणालात."